विश्लेषण : चिमणीतला कार्बन पकडणारे द्रावक कितपत ‘हिरवे’?

दौंड तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या चिमण्या धूर सोडू लागतात. या धुरातला कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याआधी पकडता येतो. पण पकडणारे रसायन नंतर कुठे जाते? कुरकुंभ औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या या तालुक्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही.

सध्या काय वापरतात?

गार केलेला धूर मनोऱ्यात खालून सोडतात आणि वरून द्रावक शिंपडतात. द्रावकाने शोषलेला वायू सुमारे १२० अंश सेल्सिअसला तापवून मोकळा केला की द्रावक पुन्हा वापरता येतो. यासाठी सर्वाधिक परिचित रसायन म्हणजे मोनोइथेनॉलअमाइनचे ३० टक्के द्रावण. एक टन वायू सोडवायला साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता, म्हणजे साधारण पावणेदोन टन वाफ लागते. शिवाय धुरातल्या ऑक्सिजनमुळे अमाइन हळूहळू कुजते. त्यातून उरणाऱ्या गाळाची विल्हेवाट घातक कचरा म्हणून लावावी लागते.

पर्याय कोणते?

सर्वाधिक कुतूहल आहे ते कोलीन क्लोराइड आणि युरियाच्या मिश्रणाचे. पहिले कोंबडीखाद्यात घालतात, दुसरे तर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात. दोन्ही घन, पण एकास दोन या प्रमाणात मिसळले की १२ अंशांनाच वितळतात. लीस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये हे दाखवले. हे मिश्रण स्वस्त आहे, निसर्गात विघटित होते आणि त्याची वाफही फारशी होत नाही. अडचण अशी, की ते एरंडेल तेलासारखे दाट असते आणि वायूही अमाइनपेक्षा बराच कमी शोषते. दाट द्रव मनोऱ्यात फिरवायला पंपाला वीज जास्त लागते. ती वीज कोळशाची असेल, तर ‘हिरवे’ कशाला म्हणायचे?

पोटॅशियम कार्बोनेट त्या मानाने साधे. ते उडून जात नाही, ऑक्सिजननेही बिघडत नाही. फक्त संथ आहे. वेग वाढवण्यासाठी कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर वापरून पाहिले जाते. आपल्या रक्ताच्या तांबड्या पेशींत हेच काम करते.

दौंडमध्ये सुरुवात कुठून?

माझ्या मते चिमणीपासून नव्हे, डिस्टिलरीपासून. किण्वनात ९२ किलो इथेनॉलमागे ८८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही जवळजवळ शुद्ध. बॉयलरच्या धुरात मात्र तो साधारण १० ते १५ टक्केच असतो. टाकीवरचा वायू पाण्याने धुऊन, वाळवून, दाबाखाली सिलिंडरमध्ये भरता येतो. तिथे द्रावकाची गरजच पडत नाही.