पडद्यावरची समई

लग्नाची आमंत्रणे हल्ली टपालापेक्षा मोबाईलवरच अधिक येतात, आणि नुसती अक्षरे न येता हलती चित्रे घेऊन येतात. आमच्या इंदुरात एका परिचितांच्या घरी असेच एक आमंत्रण तयार होत होते. घरचा मुलगा मोशन ग्राफिक्सचे काम करणारा. बहिणीच्या लग्नासाठी त्याने संगणकावर पाच समया मांडल्या होत्या. प्रत्येकीची ज्योत डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे, अगदी तालात डोलत होती. आजींनी चष्मा सावरून पाहिले आणि विचारले, "का रे, ह्या समया कवायत करताहेत होय?"

प्रश्न थट्टेचा खरा. परंतु संगणकीय चित्रांची सारी अडचण त्यात आली. हाताने काढलेल्या चित्रात अनियमितपणा मुद्दाम आणावा लागत नाही. विन्सर मॅके याचा 'गर्टी द डायनासॉर' हा १९१४ सालचा चित्रपट पाहावा. त्यातील पार्श्वभूमी प्रत्येक कागदावर नव्याने रेखाटलेली. रेषेवर रेष तंतोतंत बसणार कशी? म्हणून ती पडद्यावर सारखी थरथरत राहते. यंत्राचा हात मात्र हलत नाही, आणि नेमके तेच डोळ्यांना खुपते.

मुलाने मग दुसरे टोक गाठले. प्रत्येक चौकटीला ज्योतीचा कोन यंत्रानेच मनाला येईल तसा निवडावा, अशी आज्ञा त्याने दिली. सेकंदाला २५ चौकटी. म्हणजे सेकंदात २५ वेळा ज्योत भलतीकडेच! अंगात आल्याप्रमाणे त्या समया झटके देऊ लागल्या. कारण उघड आहे. निव्वळ यदृच्छेला मागची आठवण नसते. खरी ज्योत मात्र आता जिथे आहे, तिथूनच पुढे कलते.

ह्या दोन टोकांमधली वाट केन पर्लिन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने दाखविली. १९८२ च्या 'ट्रॉन' चित्रपटाच्या संगणकीय दृश्यांवर त्याने काम केले होते. त्या चित्रांचा यंत्रवतपणा त्याला बोचत होता. १९८३ मध्ये त्याने जी युक्ती काढली, तिचे मर्म सोपे आहे. ठराविक अंतरावर यदृच्छेने खुणा ठरवावयाच्या आणि दोन खुणांमधला प्रवास मात्र सावकाश, वळणदार ठेवावयाचा. पुढचे वळण ओळखता येत नाही, पण धक्काही बसत नाही. ह्या कामगिरीबद्दल १९९७ मध्ये त्याला ऑस्करच्या संस्थेचे तांत्रिक पारितोषिक मिळाले.

१९९३ साली निघालेल्या 'आफ्टर इफेक्ट्स' ह्या सॉफ्टवेअरमध्ये 'विगल' नावाची आज्ञा आहे, ती ह्याच विचाराची. तिला मुख्यतः दोन आकडे लागतात : सेकंदात किती वेळा हलावे, आणि किती हलावे. मुलाने २ आणि ६ लिहिले. सेकंदाला सुमारे दोन हेलकावे आणि दोन्ही बाजूंस सहा अंशांपर्यंत कल. एकच आज्ञा पाचही ज्योतींना दिली, तरी प्रत्येकीची चाल निराळी झाली, कारण प्रत्येक थरासाठी यंत्र वेगळे बीज धरते. गंमत अशी की तेच बीज राहिले तर उद्या पुन्हा लावले तरी ज्योत तशीच हलते. ही यदृच्छा म्हणजे डबीत भरून ठेवलेला वारा!

तरीही एक चूक उरली होती. ज्योत कलताना वातीपासून सुटत होती. फिरण्याचा बिंदू ज्योतीच्या मधोमध होता. तो वातीच्या टोकाशी आणताच ज्योत समईची झाली. उत्साहाच्या भरात त्याने वधूवरांची नावेही हलविली होती. आजींना ती वाचता येईनात. तेव्हा ती मात्र त्याने स्थिर केली.

किती हलवावे हे यंत्राला सांगता येते. काय हलवू नये, हे माणसालाच ठरवावे लागते. वात जागेवर आहे म्हणून ज्योतीच्या डोलण्याला अर्थ आहे. ते आमंत्रण परवा आम्हांसही आले. समया मंद हलत होत्या, आणि मधोमध दोन नावे अगदी स्वस्थ होती.