हरिहरेश्वरचा खडक आणि ओहोटीची वेळ

माणगांवास मुंबई-गोवा महामार्ग सोडून म्हसळ्यावरून मोटारीनें येणारा प्रवासी हरिहरेश्वरास बहुधा दोन-तीन तासच थांबतो. काळभैरवाचें व हरिहरेश्वराचें दर्शन, पुळणीवर पाय ओले करणें, आणि मग पेशव्यांच्या मूळ गांवीं, श्रीवर्धनास प्रयाण. एवढ्या वेळांत जें खरोखर पाहण्यासारखें, तें देवळामागें प्रदक्षिणेच्या वाटेवर आहे. तें केव्हां पाहावें हें मात्र तिथीवर ठरतें.

देवळामागून वाट चढते आणि मग कड्याच्या अरुंद चिरेंतून पायऱ्या थेट लाटांच्या पातळीवर उतरतात. येथला खडक दख्खनच्या पठाराचाच काळा बेसाल्ट, सुमारें ६.५ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. पायाखालीं फरशी घातल्यासारखा जो सपाट कट्टा लागतो, तो लाटांनीं कड्याचा पायथा पोखरून, वरचा भाग ढासळवून तयार केला आहे. कड्याच्या अंगावर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. कोणा शिल्पकाराचें काम वाटावें इतकी ती नाजूक. पण कोरली आहे मिठानें! लाटांचे तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात, उन्हानें पाणी उडून जातें, मिठाचे स्फटिक वाढतात व दगडाचे कण सुटे करतात. एकदां खळगा पडला कीं त्यांत ओल अधिक टिकते, म्हणून तो अधिकच खोल होत जातो. मधल्या भिंती तेवढ्या उरतात.

ही वाट ओहोटीचीच आहे. भरतीनंतर सुमारें सव्वासहा तासांनीं ओहोटी पुरी होते, आणि या वेळा रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकतात. कोंकणांतील दर्यावर्दी लोकांचा तोंडचा हिशेब असा, कीं पक्षांतील तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास येतो. चतुर्थीस ३ वाजतां, अष्टमीस ६ वाजतां. म्हणजे अष्टमीस दुपारीं १२ वाजतां ओहोटी. परंतु पौर्णिमेस वा अमावास्येस ११ ते १२ च्या दरम्यान उधाणाची भर भरती. मुंबईहून पहाटे निघालेली मंडळी नेमकी त्याच सुमारास येथें पोहोंचते, हें दुर्दैव.

हिशेब स्थूल आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे व्हावयाचाच. म्हणून पाणी उतरत असतांनाच खालीं जावें आणि तें उलटण्यापूर्वीं वर यावें. शेवाळलेल्या कट्ट्याच्या कडेस उभे राहून लाट न्याहाळणारीं माणसें येथून वाहून गेलेलीं आहेत. पावसाळ्यांत तर हा हिशेब मुळींच लावूं नये. त्या दिवसांत ओहोटीच्या वेळींही लाटा कट्ट्यावर चढतात. तेव्हां पायऱ्यांच्या माथ्यावरूनच परतावें.