समजून घ्या : चेनसॉला धार लावताना कोन किती अंशांचा हवा?

वाळलेल्या बाभळीला २५, ओल्या सुबाभळीला ३० अंश. दोन्ही बाजूंच्या दात्यांचा कोन सारखा नसेल तर यंत्र तिरके चालते

राजुरी (ता. जुन्नर) : बांधावरची बाभूळ छाटायची असो किंवा वादळात रस्त्यावर आडवे पडलेले झाड हटवायचे असो, कुऱ्हाडीची जागा आता चेनसॉने घेतली आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने जुन्नर, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्यासह अनेक झाडे पाडली. अशा वेळी या यंत्राची खरी गरज कळते. मात्र यंत्र कितीही महागाचे असले, तरी काम करते ती साखळी. तिची धार चुकली, तर इंधन वाया जाते, हात भरून येतात आणि अपघाताचा धोकाही वाढतो.

धार गेली हे कसे ओळखावे?

धारदार साखळीतून लाकडाच्या जाडसर कपच्या बाहेर पडतात. कपच्यांऐवजी पिठासारखा बारीक भुसा पडू लागला, यंत्र दाबल्याशिवाय लाकडात शिरत नसेल किंवा धूर येत असेल, तर काम थांबवून कानस हातात घ्यावी. जोर लावून काम रेटल्यास साखळी आणि बार दोन्ही तापतात व लवकर झिजतात.

कोन मोजायचा कुठून?

नवख्यांचा गोंधळ होतो तो इथेच. बारला काटकोनात, म्हणजे अगदी आडवी धरलेली कानस म्हणजे शून्य अंश. तिथून ती जितकी तिरकी करावी, तितका कोन वाढतो. बारच्या बाजूने ३० अंश मोजले, तर प्रत्यक्षात कोन ६० अंशांचा होतो आणि दाताचे टोक कमजोर होऊन लगेच बोथट होते.

कोणत्या लाकडाला कोणता कोन?

• ३० अंश : बहुतेक साखळ्यांसाठी सर्वसाधारण कोन. ओली सुबाभूळ, निलगिरी, आंब्याच्या फांद्या अशा रोजच्या कामाला योग्य.
• २५ अंश : वाळलेली बाभूळ, चिंच अशा कठीण लाकडासाठी. कापण्याचा वेग थोडा कमी होतो, पण धार जास्त वेळ टिकते.
• ३५ अंश : फक्त मऊ लाकडासाठी. साखळी झपाट्याने कापते, पण धार लवकर जाते.
• १० अंश : ओंडका उभा चिरून फळ्या काढण्याच्या खास साखळीसाठी.

उत्पादकाने सांगितलेला कोन साखळीच्या पाकिटावर किंवा माहितीपत्रकात दिलेला असतो. शंका असल्यास तोच पाळावा. अनेक साखळ्यांच्या दातांवर तिरकी खूणरेषाही असते. कानस त्या रेषेला समांतर ठेवली की कोन आपोआप साधतो.

कानशीची जाडी का महत्त्वाची?

दाताला दोन धारा असतात, एक वर आणि एक बाजूला. बाजूच्या धारेचा कोन कानशीच्या जाडीवर आणि ती किती उंचीवर धरली यावर ठरतो. छोट्या यंत्रांवरील ३/८ इंच लो-प्रोफाइल साखळीला ४ मिमी, तर ०.३२५ इंच पिचच्या साखळीला ४.८ मिमी जाडीची गोल कानस लागते. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर राहावा. ती फार खाली गेली, तर दाताला आकडा येतो, तो लाकडात अडकतो आणि धार पटकन जाते. फार वर राहिली, तर दात लाकडावरून नुसता घसरतो. बहुतेक साखळ्यांना कानस आडव्या पातळीत सरळ चालवावी लागते. काही चौकोनी टोकाच्या दातांना मात्र १० अंशांचा उतार सांगितलेला असतो.

दाते आलटून पालटून का?

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला १९४६ मध्ये लाकूड पोखरणारी एक अळी दिसली. ती जबड्याने डावीकडे आणि उजवीकडे आलटून पालटून लाकूड कुरतडत होती. त्यावरून त्याने साखळीचे दाते तयार केले. आजच्या साखळीतही एक दात डावा, तर पुढचा उजवा असतो. म्हणूनच दोन्ही बाजूंचा कोन आणि दातांची लांबी सारखी हवी. उजव्या हाताने काम करणाऱ्याची एक बाजू नेहमी चांगली आणि दुसरी कच्ची राहते. मग काप वाकडा जातो आणि बार लाकडात अडकतो. कोन २८ अंश झाला की ३१, यापेक्षा तो सगळीकडे एकच आहे का, हे जास्त महत्त्वाचे.

धार लावण्याची पद्धत

१. इंजिन बंद करून प्लगची टोपी काढावी. हातमोजे घालावेत. बार शिकंज्यात घट्ट पकडावा.
२. सर्वांत आखूड दात शोधून त्याच्यापासून सुरुवात करावी. बाकीचे दात त्याच्याइतके करावेत.
३. कानस दाताच्या आतून बाहेर, फक्त पुढे ढकलावी. मागे आणताना उचलावी.
४. प्रत्येक दाताला सारखेच, तीन-चार हात मारावेत.
५. एक बाजू संपली की यंत्र फिरवून दुसरी बाजू घ्यावी.

समोरचा उंचवटा विसरू नका

प्रत्येक दातासमोर एक उंचवटा असतो. दात किती खोल कापेल, हे तो ठरवतो. दात घासला की त्याची उंची कमी होते, म्हणून चार-पाच वेळा धार लावल्यावर हा उंचवटाही गेज ठेवून चपट्या कानशीने उतरवावा लागतो. बहुतेक साखळ्यांत तो दातापेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली हवा. अंदाजाने जास्त घासला, तर दात एकदम मोठा घास घेतो आणि यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर उसळू शकते. हा धोका बोथट धारेपेक्षाही मोठा.

दुकानात ग्राइंडरवर धार लावून घेतली, तर दाते निळे पडलेले नाहीत ना, हे पाहून घ्यावे. निळेपणा म्हणजे पोलाद तापून त्याचा टेंपर बिघडल्याची खूण. घासून घासून दात ४ मिमीपेक्षा आखूड झाला किंवा त्याला तडा गेला, तर कोणताही कोन उपयोगाचा नाही. अशी साखळी बदलणेच योग्य.