चोथा टाकण्याआधी थोडे थांबा

आमच्या शेजारचा मुलगा बारावीनंतर एका कॉफीच्या दुकानात कामाला लागला. काचेचे दार, गार हवा, आणि एका कॉफीला आपल्याकडच्या वीस कटिंगचे पैसे. गेल्या वर्षी तो रोज रात्री घरी येताना एक पिशवी आणू लागला. आत ओला, काळा, वासाला छान असा चोथा. आई वैतागली, "मालकाचा कचरा घरात कशाला आणतोस रे?" पोराने ती पिशवी उचलून आमच्या दारात ठेवली. "जयभीम काका. दिवसाला आठ-दहा किलो फेकतो आम्ही. फेकवत नाही. याचे काही करता येईल का, बघा ना."

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. खतामातीतले काही कळत नाही, पण हिशेब कळतो. म्हणून आधी हिशेब मांडला. दळलेली कॉफी गरम पाण्यातून काढली की तिचा साधारण पाचवा भाग कपात उतरतो. गिऱ्हाइकाच्या पोटात एक भाग, कचऱ्याच्या गाडीत चार भाग! (आपल्या घरी येणाऱ्या छोट्या पुडीला हा हिशेब लागू नाही. ती इन्स्टंट, सगळी विरघळते.)

या चार भागांसाठी जगात बरीच डोकी कामाला लागली आहेत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात डॉ. राजीव रॉयचंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली चोथा चक्क काँक्रीटमध्ये घातला. हवा लागू न देता तो ३५० अंश सेल्सिअसला तापवायचा, म्हणजे त्याचा कोळसा होतो. वाळूचा १५ टक्के भाग कमी करून तिथे हा कोळसा घालायचा. काँक्रीट जवळजवळ ३० टक्के अधिक मजबूत निघाले. कच्चा चोथा घातला तर मात्र उलटे होते, काँक्रीट कमकुवत बनते. २०२४ साली तिकडच्या गिस्बोर्न गावात असा एक पदपथही घातला गेला. आमच्या वस्तीतले निम्मे पुरुष बिगारी नि गवंडीकाम करतात. नदीची वाळू किती महागली आणि तिच्यापायी काय काय चालते, हे त्यांना आम्ही सांगायला नको. म्हणून ही बातमी आम्हाला मोठी वाटली.

सगळेच शोध असे टिकत नाहीत. लंडनमध्ये बायो-बीन नावाच्या कंपनीने २०१७ साली चोथ्यातले तेल काढून बसच्या डिझेलात मिसळले. केवढा गाजावाजा झाला! २०२३ साली कंपनीच बंद पडली.

आता घरचे सांगतो. पहिल्यांदा आम्ही पिशवीभर चोथा तसाच मिरचीच्या रोपांना घातला. चार दिवसांत वर पांढरी बुरशी, पाणी तुंबलेले, रोपे खुजी. घरात आमची जी खरडपट्टी निघाली ती इथे लिहीत नाही. नंतर कळले की चोथ्यातही थोडे कॅफिन उरते आणि ते कोवळ्या रोपांची वाढ रोखते. सुका पाला, भाजीची देठे यांत मिसळून तो आधी कुजवावा, मग कुंडीत घालावा. वाळवून वाटीत ठेवला तर फ्रिजमधला मासळीचा वास कमी करतो. करपलेली कढई घासायलाही चांगला. मोरीत मात्र कधी ओतू नये, पाइप तुंबतो. आणि तोंडाला चोळायचे जे फॅड निघाले आहे, त्याबद्दल आमच्या मुलीला विचारा. आठवडाभर लाल गाल घेऊन फिरत होती.

शहरातल्या महागड्या दुकानांत 'कास्कारा' नावाचे पेय मिळते. कॉफीच्या फळाची वाळलेली साल उकळली की झाले. येमेनमध्ये लोक हीच साल आले घालून कितीतरी पिढ्या पीत आले आहेत. तिथे तिला किश्र म्हणतात. आपल्या नाचणीचे तेच झाले नाही का? आपण खात होतो तोवर तिला कोणी विचारत नव्हते.

असो. पुढचे काम वस्तीतल्या महिला बचत गटाने हाती घेतले. धिंगरी अळंबी चोथ्यावर येते. गरम पाण्यातून गेल्याने त्यातले जंतू बरेचसे मेलेले असतात, पण तो त्याच दिवशी वापरावा लागतो. बायकांनी दहा पिशव्या भरल्या, त्यातल्या सहा हिरव्या बुरशीने गेल्या. दुसऱ्या खेपेला गव्हाचे काड कढत पाण्यात तासभर भिजवून, निथळून, निम्मे निम्मे मिसळले, बियाणे पेरले आणि पिशव्या वीस दिवस अंधारात टांगल्या. आठ लागल्या. पहिल्या तोडणीला साडेतीन किलो माल निघाला. बियाणे, काड, पिशव्या यांचा खर्च सुटला. नफा अजून नाही.

ही बातमी दुकानाच्या मॅनेजरपर्यंत पोचली. चोथ्याला आता किलोमागे भाव लावावा लागेल, असे तो पोराला म्हणाला. काल जो कचरा होता तो आज माल झाला! आम्ही कारकून माणूस, गटाला म्हटले, जे ठरेल ते लेखी घ्या. अर्ज आम्हीच लिहून दिला. वर्षभर चोथा मोफत मिळावा, त्या बदल्यात गट तो रोज स्वतः उचलून नेईल. उत्तर अजून आलेले नाही. पोरगा मात्र रोज रात्री पिशवी आणतो, आणि ती खाली ठेवायच्या आत त्याची आई काटा घेऊन उभी असते.