परदेशातली परीक्षा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एका सत्रासाठी युरोपातल्या विद्यापीठात जाणारी आपली मुलं व्हिसा, विमा आणि राहण्याची सोय यांची चौकशी कित्येक महिने आधीपासून करतात. परीक्षेचं मात्र 'तिथे गेल्यावर बघू' असं ठरतं. आपण इतक्या परीक्षा दिल्या, तिथे वेगळं काय असणार, हा समज त्यामागे असतो. वेगळं बरंच असतं.

गैरसमज : ६५ म्हणजे जेमतेम, २० पैकी १४ म्हणजे साधारण.

वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये पदवीला साधारणपणे ४० गुणांना उत्तीर्ण आणि ७० ला प्रथम वर्ग मिळतो, त्यामुळे ६५ ही चांगली कामगिरी ठरते. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास, १४ ला 'चांगला' आणि १६ ला 'फार चांगला' असा शेरा असतो. जर्मनीत गणितच उलटं : १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. परदेशी गुण जर्मन श्रेणीत बसवताना तिथे बहुधा 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात. सीजीपीए १० पैकी ८.५ असेल आणि पास होण्याची मर्यादा ४ असेल, तर उत्तर १.७ च्या आसपास येतं.

गैरसमज : विषय घेतला की परीक्षेला बसता येतंच.

वस्तुस्थिती : अनेक जर्मन विद्यापीठांत विषयाची नोंदणी वेगळी आणि परीक्षेची वेगळी असते. आपल्याकडे परीक्षा फॉर्मची तारीख सूचनाफलकावर लागते, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते, आणि चुकलीच तर विलंब शुल्क भरून फॉर्म घेतात. तिथे ऑनलाइन मुदत टळली की सहसा इलाज नसतो. उलट, नाव नोंदवलं आणि वेळेत मागे घेतलं नाही, तर विनाकारण गैरहजर राहणाराही नापास धरला जातो.

गैरसमज : तोंडी परीक्षा म्हणजे प्रॅक्टिकलची व्हायवा, पाच मिनिटांत सुटका.

वस्तुस्थिती : इटलीत कितीतरी विषयांची मुख्य परीक्षाच तोंडी होते, तीही इतर विद्यार्थ्यांच्या देखत. उत्तर पाठ असून भागत नाही, कारण 'असं का?' हा पुढचा प्रश्न तयार असतो. ३० पैकी १८ ला पास. मिळालेले गुण पसंत नसतील तर बहुधा ते नाकारून पुढच्या फेरीत पुन्हा बसता येतं. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ही मुभा नवीच वाटेल.

गैरसमज : राहिलाच विषय, तर एटीकेटी आहेच.

वस्तुस्थिती : जर्मनीत एका परीक्षेच्या संधी मोजक्या असतात, बऱ्याच ठिकाणी तीनच. पाहुण्या विद्यार्थ्याची अडचण आणखी वेगळी : फेरपरीक्षा होईपर्यंत तो मायदेशी परतलेला असतो. त्यात वेळापत्रकही जुळत नाही. जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च चालतं, तासिका साधारण फेब्रुवारीत संपतात आणि बऱ्याच लेखी परीक्षा त्यानंतर होतात. तोवर आपल्याकडचं पुढचं सत्र सुरू झालेलं असतं. परतीचं तिकीट काढण्याआधी परीक्षेच्या तारखा पाहायला हव्यात, त्या यासाठी.

गैरसमज : तिथले ३० क्रेडिट म्हणजे इथलेही ३०.

वस्तुस्थिती : युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास. भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाच्या १२०० तासांना ४० क्रेडिट धरले आहेत. म्हणजे तिथल्या एका सत्राचे ३० हे इथल्या २० च्या जवळ जातात. पण त्यातले किती मान्य करायचे, हे शेवटी आपलं विद्यापीठच ठरवतं.

म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही विद्यापीठांकडून चार गोष्टी लेखी घ्या : परीक्षेच्या नोंदणीची मुदत, परीक्षेचं स्वरूप, फेरपरीक्षेची सोय आणि गुण-क्रेडिट बदलण्याचा नियम. तोंडी आश्वासनावर गुणपत्रिका तयार होत नाही.