चाकांवरचे जुने घर

आपल्याकडे जुने कौलारू घर विकत घ्यावयाचे झाले, तर घरातील वडीलधारा माणूस भिंतीच्या रंगाकडे पाहत नाही. तो माळ्यावर चढतो, वाशांची टोके चाचपतो, तुळई जेथे भिंतीत शिरते तेथे लाकूड नखाने खरवडून पाहतो आणि मगच किमतीची गोष्ट काढतो. घराचा घात रंगाने होत नाही, पाण्याने होतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. दूर अमेरिकेत अशीच एक खरेदी पुष्कळ माणसे करीत असतात. फरक इतकाच की, त्यांच्या घराला पाया नसतो, चाके असतात.

आमच्या बहुतेक वाचकांनी हे घर पाहिले नसेल, म्हणून प्रथम त्याचे थोडे वर्णन करतो. त्याला तिकडे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. त्याला स्वतःचे इंजिन नसते. मोटारीच्या मागे बसविलेल्या लोखंडी गोळ्यावर त्याची दांडी अडकवावयाची आणि बैलाने गाडी ओढावी तसे मोटारीने ते ओढावयाचे. सहा ते आठ फूट रुंदीच्या ह्या लांबट खोलीत निजण्याचे बाक, चूल, मोरी, कपाटे आणि पुष्कळदा एक लहानसे शौचकूपही असते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे असे ट्रेलर अजून शेतांच्या कडेला व घरांच्या परसात पडलेले सापडतात. कोणी हौसेने, तर कोणी गरजेपोटी, ते विकत घेतो, दुरुस्त करतो आणि त्यात संसार थाटतो.

ह्या घरांचा इतिहास मनोरंजक आहे. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा येथे मोटारीतून मुक्काम करीत हिंडणाऱ्यांचा ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ हा संघ निघाला. १९३४ साली हॉली बोलस यांनी विमानाच्या धर्तीवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, रिव्हेटांनी जोडलेला ट्रेलर बनविला. चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९२७ साली ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला, त्या विमानाच्या बांधणीवर देखरेख करणारे ते हेच बोलस. त्यांचा धंदा टिकला नाही. परंतु त्यांची कल्पना वॉली बायम यांनी उचलली आणि १९३६ साली ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ हा ट्रेलर १२०० डॉलरला विकावयास काढला. त्यात चार माणसे निजू शकत. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळले. पण त्याच काळात युद्धसाहित्याच्या कारखान्यांतील कामगारांना घरे पुरेनात, तेव्हा अमेरिकन सरकारने हजारो ट्रेलर विकत घेऊन त्यांत कुटुंबांची सोय केली. युद्धानंतर ह्या धंद्याला पुन्हा बहर आला, आणि १९५२ साली ओहायो राज्यातील जॅक्सन सेंटर ह्या गावी एअरस्ट्रीमचा कारखाना सुरू झाला. १९६३-६४ साली ह्याच चंदेरी ट्रेलरांचा एक तांडा सिंगापूरहून निघून लिस्बनपर्यंत गेला. त्या वाटेवर आपला भारत देशही होता.

म्हणजे चाकांवरचे घर हे सुखवस्तू माणसाच्या सहलीचे साधन होते, तसेच निराधाराचे छप्परही होते. २००८ सालच्या आर्थिक मंदीनंतर ही दुसरी बाजू पुन्हा ठळकपणे पुढे आली. उतारवयात घरभाडे झेपेनासे झाल्यामुळे गाडीत किंवा ट्रेलरात राहून हंगामी कामामागे फिरणाऱ्या माणसांविषयी जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले. त्यावरील चित्रपटाला २०२१ साली उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. अशा माणसाने गाठीची अखेरची पुंजी एका जुन्या ट्रेलरात घातली आणि तो आतून कुजलेला निघाला, तर त्याने परतावयाचे कोठे? म्हणूनच ह्या खरेदीत डोळस असणे अगत्याचे ठरते.

आता पाहावयाचे काय, ते ऐका. एअरस्ट्रीमसारख्या ट्रेलराला खाली पोलादी सांगाडा असतो, त्यावर प्लायवूडची जमीन, आणि त्या जमिनीच्या कडेवर ॲल्युमिनियमचे कवच बोल्टांनी आवळलेले असते. स्वस्त जातीच्या ट्रेलरांत पत्र्याखाली लाकडी चौकट असते. दोहोंचा शत्रू एकच. खिडक्यांचे सांधे, छपरावरील झरोके व दिव्यांच्या फटी यांतून पाऊस आत शिरतो, भिंतीच्या दोन पत्र्यांमधून गुपचूप खाली उतरतो आणि जमिनीच्या कडा कुजवितो. जमीन कुजली की, बोल्टांना धरावयास काही उरत नाही. वरून कवच मात्र आरशासारखे चमकत असते. तेव्हा ट्रेलरात शिरल्यावर पहिले काम नाकाचे. कुबट वास आला तर सावध व्हावे. दुसरे काम दाभणाचे. मालकाची परवानगी घेऊन कोपऱ्यांत, दाराजवळ व मागील भिंतीलगत जमिनीला दाभण टोचून पाहावे. ते लोण्यात शिरावे तसे शिरले, तर जमीन गेली असे समजावे. तिसरे काम पाठीवर निजून खाली सरकण्याचे. सांगाड्याचा गंज वरवरचा आहे की लोखंडाचे पापुद्रे सुटू लागले आहेत, हे तेथेच कळते. टायर दिसावयास कोरे असले तरी जुने असू शकतात. त्यांच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील. शेवटी, मालकीचा कागद विकणाऱ्याच्या नावावर आहे का, ते पाहावे. कागद नसलेले वाहन फुकट मिळाले तरी महाग पडते.

दुरुस्तीलाही क्रम असतो. नव्या धन्याचा हात प्रथम पडद्यांकडे व रंगाच्या डब्याकडे जातो, आणि तेथेच पैसा वाया जातो. आधी पाणी थांबवावे. सांध्यांतील वाळून तडकलेले जुने लांबण खरवडून तेथे ब्युटिल रबराची चिकट पट्टी भरावी, आणि ट्रेलरावर पाण्याची नळी सोडून आतून कोणीतरी पाहत राहावे. मग सांगाडा, आस, चाके व ब्रेक. त्यानंतर जमीन. ॲल्युमिनियम व पोलाद ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले तर ॲल्युमिनियम झिजते, म्हणून त्यांच्या मध्ये अस्तर घालावे. भिंतीत उंदरांनी घरटी केलेली असतात. ती तोंडाला मुखवटा बांधून व आधी ओली करून काढावी, कारण त्या धुळीतून रोग होतात. विजेच्या तारा व गॅसच्या नळ्या मात्र जाणत्याकडूनच तपासून घ्याव्यात. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साठतो, हे आमच्या भगिनींना सांगावयास नको. इतक्या लहान खोलीत गॅसची व विषारी धुराची सूचना देणारी यंत्रे बसविल्यावाचून कोणी निजू नये. रंग आणि पडदे सर्वांत शेवटी.

सामान भरण्याचा नियम तर आपल्या गाडीवानांनी तत्काळ ओळखावा. बैलगाडी फार धुरजड झाली तर बैलाच्या मानेवर भार येतो. मागे भार जास्त झाला तर ती उलाळ होते. ट्रेलराचेही तसेच आहे. एकूण वजनाच्या शेकडा १० ते १५ इतका भार पुढील दांडीवर असावा. मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपटीसारखा झुलू लागतो आणि मोटारीलाही घेऊन उलटतो.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी येतो. हे घर उभे कोठे करावयाचे? अमेरिकेतील अनेक गावांत स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरदेखील ट्रेलरात कायम राहण्यास कायद्याने मनाई आहे. भाड्याने जागा देणारे कित्येक तळ दहा वर्षांहून जुना ट्रेलर घेत नाहीत, मग तो कितीही उत्तम दुरुस्त केलेला असो. मोटारीच्या मागे जोडून घरी आणल्यावर हे कळले, तर सारे श्रम व्यर्थ. शुभवर्तमानातील बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आपणास ठाऊकच आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब करावयाचा, ही गोष्ट चाकांवरच्या घरालाही तितकीच लागू पडते. खरेदीची किंमत हा त्या हिशेबातील बहुधा लहान आकडा असतो. जमीन, आस, टायर, तारा, गॅस व जागेचे भाडे मिळून मोठा आकडा होतो.

असे सारे पाहूनही जे हा उद्योग अंगावर घेतात, त्यांचे कौतुक वाटते. ज्या पत्र्याला लोकांनी भंगार म्हटले, त्यात पुन्हा चूल पेटते आणि संध्याकाळी दिवा लागतो. तो दिवा लागण्याआधी त्याच्या धन्याने कित्येक दिवस सांगाड्याखाली पाठीवर निजून काढलेले असतात. आपणही यंदा मृगापूर्वी शाकारणी काढाल, तेव्हा भिंतीला चुना देण्याआधी एकवार माळ्यावर चढून वाशांची टोके पाहून घ्यावीत.