बाराच्या नमुन्यातली 'पड'

सातबारा आपण एका दमात म्हणतो. पण ते दोन नमुने आहेत. सातात जमीन कोणाची ते. बारात यंदा काय पेरले, किती हेक्टर-आरवर, आणि पड किती राहिली ते. शहरवाल्याला ओढ सातची. आमच्या खारपट्ट्याचे जगणे-मरणे मात्र बारात आहे.

अलिबाग-पेणकडची खारी भातशेती बांधाच्या जिवावर उभी. भरती बांध अडवतो. पावसाचे पाणी ओहोटीला उघाडीच्या दारातून बाहेर पडते. बांधाला खांड गेली की समुद्र शेतात. खांड बुजली तरी मीठ धुऊन निघायला पावसाळे जातात. न बुजली तर कांदळवन माजते. अशा वेळी बारावर गेल्या सालचेच 'भात' उतरवले, तर कागदावर बांध शाबूत! मग डागडुजी मागायची कशाच्या आधारावर?

नुसते 'पड' लिहिणेही तितकेच घातक. 1933 साली चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली खोतांविरुद्ध संप केला, सुमारे सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. कारण न लिहिता 'पड' म्हटले, तर संप, समुद्र आणि आळस कागदावर सारखेच. नमुन्यात लागवडीस उपलब्ध नसलेल्या जमिनीचे 'स्वरूप' लिहायला रकाना आहे. तो रिकामा का सोडावा?

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली; शेतकऱ्यानेच शेतात जाऊन मोबाइलवर फोटोसह नोंद करायची. तेव्हा मुंबई-पनवेलला नोकरीस असलेल्यांनी खरिपाची मुदत संपण्याआधी गावी जावे, खांडीचा फोटो घ्यावा, आणि खारे पाणी शिरल्याचे तलाठ्याला लेखी देऊन पोच घ्यावी.